अम्माची मोपेड, माझा प्रबंध

सरांनी माझ्या प्रबंधाच्या एका पानावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली होती. ती रेघ मी निमूटपणे मान्य केली असती, तर पदवी सहा महिने आधी हातात पडली असती. पान उपकरणांचं होतं. त्यात लिहिलं होतं की नावेची प्रतिकृती कालव्यातून ओढण्यासाठी एक मोपेड वापरली आणि ती मोपेड संशोधिकेच्या आईने चालवली. सरांनी समासात लिहिलं, "यांत्रिक वाहन असं म्हणा. आई काढा."

मी आई काढली नाही.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. देशाची दारं उघडली असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती. आमच्या तंजावुरात त्याचा पुरावा म्हणजे कॉलेजातली कॉम्प्युटरची थंडगार खोली. तिथे चपला बाहेर काढून जावं लागे. माझ्याबरोबरचे सगळे एकेक करून त्या खोलीकडे वळले, आणि मी मासेमारीच्या लहान नावांवर अडून बसले. आमच्या किनाऱ्यावर शिडाच्या जुन्या नावांना तेव्हा डिझेलची इंजिनं बसवत होते. इंजिन नवं, पण नावेची मागची बाजू शिडाच्या दिवसांतलीच, त्यामुळे नाव पाण्याशी झगडत, डिझेल पीत चाले. मागचा आकार कसा बदलला तर हा अडथळा कमी होईल, एवढाच माझा प्रश्न होता. आमच्या मराठी घरात पिढ्यान् पिढ्या कचेरीत खर्डेघाशी केलेली माणसं. त्यांना हा प्रश्न सांगितला की ती आधी हसत आणि मग माझ्या लग्नाचं विचारत.

खऱ्या नावेवर माप घ्यायला किनाऱ्यावर गेले. नावाडी कबूल झाला, पण बाईने नावेत पाय ठेवायचा नाही, या अटीवर. मोठ्या शहरात नावेची प्रतिकृती ओढून मापं घ्यायला बांधलेला लांबलचक हौद होता, पण तिथे मुलींच्या राहण्याची सोय नव्हती. सरांनी तोडगा काढला. विभागातला एक सहकारी तिकडे जाईल, मापं घेईल, आणि प्रबंधाच्या त्या प्रकरणावर त्याचं नाव आधी लागेल. "नंतर तुझंही येईलच," ते म्हणाले. अगदी मायेने म्हणाले, म्हणून मला जास्त राग आला. माझ्या प्रश्नाला माझंच नाव नंतर का लागावं?

आमच्या गावातून कालवा वाहतो. पुष्कळ अंतर सरळ, काठाने मातीचा रस्ता आणि सारख्या अंतरावर लावलेले नारळ. मला आणखी काय हवं होतं?

नाव करून दिली एका म्हाताऱ्या वीणा बनवणाऱ्याने. फणसाच्या एकसंध लाकडातून वीणेचं पोट पोखरण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. भिंत कुठे जाड राहिली ते तो नखाने टिचकी मारून ओळखायचा. त्याने वीणेएवढी लांब नाव कोरली आणि मागे बदलून बसवायला तीन वेगवेगळे तुकडे दिले. "हिला तारा कुठे लावायच्या?" असं विचारून एकटाच हसला.

आता ओढणार कोण? एका मावसभावाने मोटारसायकलने ओढून पाहिली, तर दोरीचा ताण मोजणाऱ्या काट्याचं बोट नाचायला लागलं. वेग जरा कमीजास्त झाला की माप फुकट. तेव्हा मला अम्मा आठवली. तिरुवैयारुला लहानपणी गाणं शिकलेली माझी अम्मा गावात घरोघरी मुलांना गाणं शिकवी, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने त्यासाठी एक मोपेड घेतली होती. ती इतकी हळू चालवी की पायी जाणारे तिला मागे टाकत. अप्पा म्हणत, "तुझी अम्मा मोपेडवर बसत नाही, मोपेडला फिरायला नेते." आम्ही सगळेच हसायचो. मी तर तिची नक्कलही करून दाखवायची.

मला हवा होता चालत्या माणसाचा वेग, आणि तोही न हलणारा. तो घरातच होता.

पहाटे रस्ता मोकळा असे तेव्हा आम्ही निघायचो. अम्मा पुढे, मी मागे तोंड करून बसलेली. हातातला बांबू पाण्यावर आडवा धरलेला, त्याला ताणकाटा, काट्याला दोरी, दोरीला नाव. दोन नारळांना चुना फासला होता. पहिला मागे पडला की गळ्यातलं घड्याळ सुरू, दुसरा आला की बंद. काट्यावरचा आकडा मी मोठ्याने म्हणायची, म्हणजे थांबेपर्यंत विसरायला नको. काठावर दात घासत बसलेले लोक विचारायचे, मासा केवढा लागला? अम्मा मान वळवत नसे. काट्याचं बोट मात्र एका जागी चिकटवल्यासारखं उभं राही. मी हळू म्हटलं की हळू, त्याहून थोडं जलद म्हटलं की थोडंच जलद. मी खूश होते, आणि या खुशीत तिला एक प्रश्नही विचारला नाही.

सरांची पहिली हरकत पाण्यावर होती. हौदाचं पाणी उभं असतं, कालव्याचं वाहतं. समुद्राचं तरी कुठे उभं असतं, असं मी उर्मटपणे बोलून गेले. ते उत्तर नव्हतं हे मलाही कळत होतं. मग दर खेपेआधी नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, पाण्यात टाकून प्रवाहाचा वेग मोजला, जाताना आणि येताना अशी दुहेरी मापं घेतली, अख्खी वही भरली. सरांनी आकडे तपासले आणि मान्य केले. प्रामाणिक माणूस होता. पण आकडे मान्य झाल्यावर त्यांना अम्मा खुपायला लागली. "हा प्रबंध आहे, घरचा फोटोंचा अल्बम नाही," ते म्हणाले. "बाहेरचे परीक्षक हसतील, आणि मलाही हसतील."

घरी सांगितलं तर अम्माच त्यांच्या बाजूची निघाली.

"काढून टाक गे," ती म्हणाली. "माझी गोष्ट पुस्तकांत कशास? अस्के हसतील." सगळे हसतील, ही तिची भीती.

मी तिच्यावरही ओरडले. ज्या हाताने वेग धरला तो हात लिहायचा नाही, तर मग मापं कोणी घेतली म्हणून सांगायचं? अम्मा पीठ मळायला गेली.

सहा महिने मी दर सोमवारी ते पान घेऊन सरांच्या दाराबाहेर बसले. जे पान दिलं तेच परत मांडायचं, एक अक्षर न बदलता. आडमुठी म्हणून विभागात माझं नाव झालं. शेवटी कंटाळून त्यांनी सही केली आणि बजावलं, "हसं झालं तर ते तुझं."

परीक्षक आले ते जानेवारी संपता संपता. पूर्वी जहाजावर काम केलेले, केस पांढरे झालेले गृहस्थ होते. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. सर खाली बघत होते. परीक्षक हसले नाहीत, "दाखवा," म्हणाले.

धरणाचं पाणी बंद होण्याचे ते दिवस; कालवा तासागणिक उतरत होता. मी अम्माला शिकवणीतून उठवून आणलं. काठावर आल्यावर परीक्षक घुटमळले. अनोळखी बाईच्या मागे कसं बसायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सरांनी घाईघाईने सुचवलं की विभागातला सहकारी मोपेड चालवील. मी काही बोलायच्या आत अम्मा मला म्हणाली, "त्यांस बसायला सांग. पाणी उद्यां नाहीं राहणार."

ते बसले, मागे तोंड करून, बांबू हातात घेऊन. मी काठावर उभी राहिले. त्यांनी आकडा वाचला, वहीतला पाहिला, आणि परत न्यायला सांगितलं. मग पुन्हा एकदा. तिन्ही वेळा वहीतलाच आकडा आला. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मी सरांकडे टक लावून बघितलं, आणि बघितल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मग उतरता उतरता परीक्षकांनी तमिळमध्ये अम्माला विचारलं, "इतका एकसारखा वेग कसा धरता, अम्मा?"

अम्मा लाजली. "मनांत गाते," ती म्हणाली. "तालाच्या एका आवर्तनाला एक नारळ यायला हवा. त्याआधीच यायला लागला की हात सैल सोडते. हिने तीन वेग मागितले, म्हणून तीन वेगळी गाणी घेतली."

परीक्षकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही लिहिलेलं नाही."

नव्हतंच लिहिलं. त्या पानावर, सहा महिने जिच्यासाठी भांडले त्या आईच्या पुढच्याच ओळीत, मी लिहिलं होतं: 'चालकास वेगाची भीती असल्यामुळे वेग बदलत नाही.' सरांनी ती ओळसुद्धा खोडली होती, आणि मी तीही तितक्याच जिद्दीने वाचवली होती. बारा वर्षांची असल्यापासून लय धरायला शिकलेल्या बाईला मी घाबरट म्हणून छापून ठेवलं होतं.

प्रबंध बांधून झाला होता. मी एक पट्टी टाइप करून आणली आणि त्या ओळीवर चिकटवली: 'चालक शिक्षित गायिका असून वेग तालाच्या आधारे स्थिर राखतात.' सर म्हणाले, गाणं आणि नाव, आता काय राहिलं? मी म्हटलं, तुमची सही. त्यांनी प्रत्येक प्रतीवर केली.

एक प्रत घरी आणली. अम्माला इंग्रजी येत नसे, म्हणून तिच्याजवळ बसून ते पान आमच्या मराठीत वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले. मग पानावरून बोट फिरवलं, आणि पट्टीच्या कडेशी ते थांबलं.

"याच्या खालीं काय आहे गे?" तिने विचारलं.

सरांशी, विभागाशी, सगळ्यांशी भांडून आलेली मी. "टायपिंगची चूक," म्हणाले, आणि पान उलटलं.