बुटातली चांदी

आमच्या गाडीचा मागचा भाग बरेचदा जमिनीला टेकायला आलेला असतो. नव्या शेजाऱ्यांना वाटतं, स्प्रिंगा गेल्या असतील. जुन्यांना माहीत आहे की एमिल हुडाक बँकेतून परत आला.

एमिल माझा नवरा. आयुष्यभर त्यानं शाळेच्या बस दुरुस्त केल्या, आणि निवृत्त झाल्यावर इतर लोक मासे पकडायला जातात तसा तो बँकेत जाऊ लागला. सुट्या नाण्यांची खोकी विकत आणायची, कागदी रोल फोडायचे आणि एखादं चांदीचं नाणं चुकून आत राहिलंय का ते बघायचं. एकोणीसशे चौसष्ट सालापर्यंत आमच्या अमेरिकेत दहा सेंटच्या नाण्यात, म्हणजे डाइममध्ये, खरी चांदी असायची. पुढे सरकारनं आत तांबं भरलं. ते कडेला तपकिरी रेघेसारखं दिसतं. म्हणून एमिल नाण्याचं तोंड बघत नाही, कड बघतो. ही सवय इतकी मुरली आहे की मी केलेला केकसुद्धा तो आधी कडेनं बघतो. माझे केक करपतात हे लक्षात घेता त्याला नावं ठेवता येत नाहीत.

मी कॉलेज शिकलेली बाई, त्यामुळे या छंदाबद्दल माझं मत ठाम होतं आणि ते मी सकाळ-संध्याकाळ ऐकवत असे.

"आपलेच पैसे देऊन पैसे आणायचे आणि ते परत नेऊन टाकायचे. याला छंद म्हणतात की हमाली?"

"हमालीला मजुरी मिळते," एमिल म्हणायचा. "म्हणजे छंदच."

टाकायचे ते मात्र नदीपलीकडच्या बँकेत. जिथून घेतले तिथेच परत टाकले तर पुढच्या खेपेला आपलाच गाळ आपल्या गळ्यात. तपासून झालेल्या रोलवर तो पेन्सिलीनं फुली मारायचा. फुली म्हणजे बघितला, आत काही नाही, घेऊन जा.

एकच अडचण होती. बसच्या इंजिनांपाशी उभं राहून राहून एमिलचे कान गेलेले. झिजलेल्या नाण्याची शंका आली की ते ताटलीवर टाकून वाजवतात. चांदी किणकिणते, तांबंवालं नुसतं खट्ट करतं. एमिलला दोन्ही सारखंच. मग बैठकीतून हाक यायची, "पॉलेट, कसं वाजलं?"

"दहा सेंटचं वाजलं!" मी स्वयंपाकघरातून ओरडायची.

माझे कान मात्र शाबूत आहेत. शाबूत कसले, शाप आहे तो. आमची कारा लहान असताना तिचा खोकला मला बंद दारातून ऐकू यायचा. ती गाडी चालवायला लागली तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडून तिच्या गाडीचा ब्रेक ओळखायची. नळ ठिबकला, गॅस फुसफुसला, छपरावर खार चालली, सगळं मला कळतं, आणि कळलं की काळजी वाटते. ऐकू आलं नाही तर त्याहून जास्त.

याच काराचं लग्न ठरलं आणि छंदाला एकदम महत्त्व आलं. हुडाकांकडे नवरी डाव्या बुटात चांदीचा डाइम घालून चर्चमध्ये जाते. आणि तो डाइम वडिलांना सापडलेला असावा लागतो. विकत घेतलेला चालत नाही, विकत घेतलेलं सुख टिकत नाही म्हणतात.

"तुझ्या बुटातला होता ना, आई? तोच दे," कारा म्हणाली.

एमिलनं छताकडे बघितलं. सगळ्या खानदानाला ठाऊक आहे त्या डाइमचं काय झालं ते. मधुचंद्राला नायगाराला पोचल्यावर मला वाटलं, घरचा गॅस बंद करायचा राहिला. पर्समधली, खिशातली, होती नव्हती तेवढी सगळी नाणी सार्वजनिक फोनच्या डब्यात घालून मी आईला गॅस बघायला पिटाळलं. गॅस बंद होता. डाइम गेला.

म्हणजे जबाबदारी एमिलवर आली, आणि नेमका दुष्काळ पडला. खोक्यामागून खोकी आली, सगळी नाणी तपकिरी कडेची. काराचं म्हणणं, "नाही मिळाला तर राहू दे, बाबा." पण त्याचं जेवण कमी झालं. रिकाम्या बुटानं मुलीला पाठवणारा पहिला हुडाक आपण ठरणार, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. शेवटी मीही शेजारी खुर्ची ओढून बसले. केवळ मदत म्हणून. चार दिवसांत माझी बोटं काळी झाली आणि भाजी करपायला लागली.

"काय मग, हमाल?" एमिल म्हणाला.

"गप बस. पुढचा रोल दे."

लग्नाच्या आधीच्या बुधवारी त्याला तो मिळाला. पंखांच्या टोपीतल्या बाईचं चित्र असलेला, एकेचाळीस सालचा. त्यानं तो ताटलीवर टाकला आणि माझ्याकडे लहान मुलासारखं बघत राहिला. "कसं वाजलं?" मी रडायलाच लागले.

"तू जपून ठेव," तो म्हणाला. जगात इतकी माणसं असताना त्यानं हे मला सांगितलं!

आधी मी तो साखरेच्या डब्यात ठेवला. मग वाटलं, कुणी चहात ढवळला तर? शिवणाच्या पेटीत ठेवला. तिथून कुत्र्यानं गिळला तर? बायबलमध्ये ठेवला. तिथं कुणी बघणार नाही याची खात्री होती, पण मीच विसरेन. शेवटी कॉलेजात शिकलेली अक्कल कामाला आली. चांदी लपवायला उत्तम जागा कुठली? नाण्यांचा रोल! टेबलावरचा एक रोल सोडला, मधोमध डाइम सरकवला, कागद पुन्हा दुमडला. आणि रोल पटकन ओळखता यावा म्हणून त्यावर पेन्सिलीनं एक छानशी फुली मारली.

गुरुवारी मी एमिलवर खेकसले, "बायका कुकीज घेऊन यायला लागल्या आहेत. हे भंगार उचल टेबलावरून!" आमच्याकडे लग्नात केक असला काय, नसला काय, कुकीजचं टेबल वाकलं पाहिजे. गावातल्या साऱ्या बायका महिनाभर भाजत असतात. एमिलनं गुमान भंगार उचललं आणि नदीपलीकडे टाकून आला.

शुक्रवारी दुपारी बुटाला लावायची चिकटपट्टी हातात घेऊन मी टेबलापाशी उभी राहिले. टेबलावर अक्रोडाच्या कुकीज होत्या.

"एमिल, फुलीवाले रोल कुठायत?"

"फुलीवाले कुठे असतात? बँकेत."

मी सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीत बसला आणि एक कुकी उचलून कडेनं बघू लागला.

आम्ही नदीपलीकडे धावलो. बँकेतल्या बर्निसनं हात वर केले. "बाई, तुमच्या नवऱ्याचे रोल मी कपाटात ठेवायच्या आत तुमची नणंद घेऊन गेली. चर्चच्या जत्रेसाठी. आज तिचा डाइम फेकायचा खेळ आहे ना!"

त्या खेळात लांबून डाइम फेकायचे. काचेच्या भांड्यात राहिला तर भांडं तुमचं, नाहीतर नाणं चर्चचं. आम्ही पोचलो तेव्हा माझी नणंद ल्यूबा कमरेला पिशवी बांधून सुट्टे वाटत होती.

"फोडले की सगळे," ती म्हणाली. "का? उद्या लेकीचं लग्न आणि आज जत्रेत काय करताय?"

एमिलनं तिच्या पिशवीतले, खाली ताडपत्रीवर पडलेले सगळे डाइम कडेनं बघितले. नव्हता. म्हणजे तो लोकांच्या हातात होता.

"पॉलेट," एमिल हळूच म्हणाला, "तू ऐक."

मी डोळे मिटून उभी राहिले. बँड वाजत होता, पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, तळल्या जात होत्या, पोरं किंचाळत होती आणि काचेवर डाइम पडत होते. खट्ट. खट्ट. खट्ट. लोक मला वळसा घालून जात होते. एका बाईनं विचारलं, "यांना बरं वाटत नाहीये का?" ल्यूबा म्हणाली, "ती अशीच आहे."

आणि मग किणकिण झाली. बारीक, लांब, घरातली.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की बँडसुद्धा थांबला. "हिरवं भांडं! कुणी हात लावायचा नाही!"

हातात पिरोगीची बशी घेतलेला एक आडदांड माणूस घाबरून म्हणाला, "भांडं मी जिंकलंय, बाई."

"भांडं घ्या हो! नाणं द्या!"

"नाणं चर्चचं," ल्यूबानं ते उचललं, कड बघितली आणि तिला सगळं कळलं. शेवटी तीही हुडाकच. "चर्चचं छप्पर गळतंय, एमिल. वीस डॉलर."

"विकत घेतलं तर बुटात चालत नाही," एमिल म्हणाला. "तुला माहीत आहे, ल्यूबा."

ल्यूबानं भावाकडे क्षणभर बघितलं. "कोण विकतंय? सुट्टे हवेत का तुला? दहा सेंटला दहा सेंट." त्यानं खिशातला डाइम दिला, हिनं तो दिला. "आणि आता छपरासाठी वीस डॉलर टाक. ती देणगी."

डाइम मी मागितला नाही, आणि एमिलनंही दिला नाही. रात्रभर तो त्याच्या मोज्यात होता. सकाळी त्यानं स्वतः तो काराच्या बुटात चिकटवला, आणि ती बापाच्या हाताला धरून किंचित लंगडत वेदीपर्यंत गेली. मला ते लंगडणं शेवटच्या बाकापासून ऐकू येत होतं.

रविवारी कारा आणि तिचा नवरा मधुचंद्राला निघाले. तासाभरात फोन वाजला.

"आई, रागावू नकोस. आमच्या घरचा गॅस मी बंद केला का ते जरा बघून येतेस?"

मी एका हातानं किल्ल्या शोधत होते. "येते. पण आधी सांग, बुटातला डाइम कुठाय?"

"बाबांनी निघताना काढून घेतला. म्हणाले, तू तुझ्या आईची मुलगी आहेस."

गॅस बंद होता.