खापराशेजारची चिठ्ठी

माझं माहेर शिरपूरच्या बाजूला, जुन्या आग्रा रस्त्यावर. पूर्वी तिथं टपालाचे घोडे बदलत, गाड्या मुक्कामाला थांबत. त्या वेळच्या धर्मशाळेत माझ्या चुलतभावानं, मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर, गावाचं संग्रहालय थाटलंय. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगावहून माहेरी गेले, तेव्हा कौतुकानं बघायला गेले.

नाल, कंदील, टपालाची पेटी बघून झाली आणि कोपऱ्यात मातीचं मोठं खापर दिसलं. माझ्या आईचं. कडेचा टवका मीच लहानपणी उडवलेला. शेजारी चिठ्ठी होती: 'मांडे भाजण्याचे खापर. संग्राहकाच्या मातोश्रींचे मांडे पंचक्रोशीत प्रसिद्ध होते.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संग्राहकाच्या मातोश्री म्हणजे माझी काकू. तिला साधी पोळी गोल जमत नव्हती, आणि इथं आयत्या पिठावर रेघोट्या.

मांडे करायची माझी आई. पुरण भरलेला मांडा हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. काकूच्या मुलीच्या लग्नात ती पहाटेपासून चुलीपुढं होती. पंगत बसली तेव्हा काकू तिला म्हणाली, "सवाशनी बठेल शेतस, तू मांगे जेव." आई विधवा होती. ती न जेवता घरी आली, खापर तिथंच टाकून. पुन्हा तिनं कधी मांडा केला नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते. ते मी विसरलेले नाही आणि मला विसरायचंही नाही.

त्या दिवशी संग्रहालयात बऱ्याच माहेरवाशिणी आल्या होत्या. दाराजवळ खुर्चीत काकू बसलेली, नव्वदीला टेकलेली. मी भावाला गोड आवाजात म्हटलं, "भाऊ, एवढे प्रसिद्ध मांडे, तर काकूला एक करून दाखवायला सांग ना. कणीक मी मळते."

बायका हौसेनं पुढं सरकल्या. म्हातारीला चारचौघींत उघडं पाडायचं होतं मला. तिच्या वयाची मला दयामाया आली नाही.

काकू मान खाली घालून म्हणाली, "माले कोठे येतस मांडा. ते खापर तुनी मायनं शे."

भाऊ ओशाळला. चिठ्ठी काढून म्हणाला, "चुकलं बाई. तू सांग, तसं लिहितो."

इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण मी सांगत गेले: खापर माझ्या आईचं, पुतणीच्या लग्नात गावाला मांडे तिनं घातले, आणि तिला पंगतीत बसू दिलं नाही.

शेवटच्या वाक्याला त्याचं पेन अडलं.

"लिही भाऊ," मी म्हटलं. त्यानं लिहिलं.

काकूला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिखं रे?"

"काही नही, माय," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातून चिठ्ठी घेतली, काकूच्या कानाशी वाकले आणि बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सगळी वाचली. शेवटचं वाक्य दोनदा.