बिबळ्यावरचा पांढरा पट्टा

मॅडमचं दगडफूल त्यांच्यावर जीव असणाऱ्या माणसांनीच मारलं.

शबाना मॅडम जाऊन आज वर्ष झालं.
त्या कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. मी पेपरात. त्यामुळे आमची दोस्ती कायम डेडलाइनच्या तोंडावर.

कन्नडच्या पुढं, घाटावरच्या एका धनगरवाडीत त्यांचा लाडका बिबळा आहे. साल खरवडली की रक्तासारखा लाल चीक येतो. लाकडासाठी तोडून तोडून आता तुरळक उरलेलं झाड.

आणि त्याच्या सालीवर दगडफूल. आपल्या मसाल्यातलं नव्हे, त्याचं दुर्मीळ भावंड. राखाडी, सुरकुतलेलं.

मी एकदा फोनवर विचारलं, "मॅडम, जास्त धोक्यात कोण? झाड की दगडफूल? एका वाक्यात द्या, पान सोडायचंय."

"तुमचं पान जाऊ द्या हो, संपादकसाहेब. झाड मेलं तर बुंधा उरतो, लोक हळहळतात. दगडफूल मेलं तर साल साफ दिसते. लोगां खुश होते!"

पुढं वाडीनं ठरवलं, मॅडमचं झाड कुणी तोडायचं नाही. खूण म्हणून बुंध्याला चुन्याचा पांढरा पट्टा मारला. रस्त्याकडेच्या झाडांना मारतात तसा.

दगडफूल त्याखाली गेलं.

वाडीतले आबा हौसेनं म्हणाले, "बघा मॅडम, आता कुणाची टाप नाय हात लावायची!"

मॅडम हसल्या. "लई छान केलं, आबा." चहा घेतला.
परतताना गाडीत एवढंच म्हणाल्या, "झाड वाचलं ना. बस."

वर, बेचक्याखाली, तळहाताएवढा तुकडा उरला होता. तो त्यांनी फक्त मला दाखवला.

तेव्हापासून कन्नडच्या वाटेवर पडेगावच्या पुढं रंगवलेली झाडं लागली, की मला पट्ट्याखालचं दिसतं.

आज सकाळी वाडीत गेलो. आबा शिडीवर. हातात चुन्याचा ब्रश.

"मॅडमचं वर्ष हाय. यंदा पार बेचक्यापर्यंत रंगवतो."

"वर नको, आबा."

"का वो?"

मॅडमनी जे त्यांना कधी सांगितलं नाही, ते आज मी कसं सांगू?

"वर मॅडम राहतात," मी म्हणालो.

आबांनी मान वर केली. त्या राखाडी तुकड्याकडं बराच वेळ बघत राहिले.
मग ब्रश बादलीत टाकला.

"मंग ऱ्हाऊ द्या त्यांना."

खुदा हाफिज, मॅडम.