तिसऱ्यांदा घासलेला डेक

घासायच्या कामात हात बिझी असतात, तोंड मात्र मोकळं. म्हणून इंदोरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये लाकडाच्या बुराद्याइतकेच किस्से जमा होतात. आम्ही म्हणजे दोघंच, मी आणि रामचरणजी पॉलिशवाले.

सध्याचे सगळे किस्से एकाच घरचे, देवधर काकांचे. काकूंचे गुडघे गेलेत, बगीच्यात जाता येत नाही. म्हणून त्यांनी हट्टाने आपल्या खोलीसमोरच्या छतावर लाकडी फळ्यांचा डेक करवून घेतला. त्याचा रंग दोनदा उडाला. काका म्हणाले, "आता लास्ट चान्स! रविवारी टाइल्सवाल्याला बोलावलंय. डेक बरा नाही दिसला तर उखडून टाइल्स!"

काकूंनी फक्त आपली खुर्ची डेककडे वळवून घेतली. तेच जास्त लागलं यार.

*

पहिल्यांदा काय झालं, मी मानपुरला साइटवर होते. रामचरणजींनी उघड्या छतावर थेट सोफ्याचं पॉलिश मारलं! चकाचक!

"देखो बेटा, चेहरा दिखता है!"

एक उन्हाळा गेला आणि सगळं पापुद्र्यांनी निघालं. काकांच्या मोज्यांना चिकटून पार किचनपर्यंत.

काकांचा फोन आला, "हा डेक आहे की साप? कात टाकतोय!"

*

दुसऱ्यांदा मी स्वतः सांगून आले, "काका, दोन दिवस लाकूड एकदम कोरडं ठेवा."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टेन, म्हणजे लाकडाचा रंग, मारला. चार दिवसांत फोड!

मग कळलं, काकांनी त्याच दिवशी पहाटे उठून पाइप लावून अख्खा डेक धुतला होता. वरून वाळलेला, आतून ओलाच.

"अरे, धुतल्याशिवाय रंग मारायचा? सफाईत देशात नंबर वन इंदोरात राहतो आपण, काही इज्जत आहे की नाही?"

मी परत सँडपेपर काढला.

*

मग शेड निवडणं. एका फळीवर चार शेड मारून ठेवले. काकांनी शेजारीपाजारी सगळ्यांना बोलावलं, पोहे-जिलेबी झाली, तासभर चर्चा झाली.

शेवटी सगळ्यांचं एकमत. काकांनी बोट ठेवलं, "हा! पाचवा! रॉयल वाटतो."

"काका, तो पोह्यांच्या तेलाचा डाग आहे."

*

तिसऱ्यांदा घासताना माझे खांदे गेले, कंबर गेली. या वेळी तेलाचा स्टेन होता. पातळ लावायचा आणि वर राहिलेला लगेच पुसून घ्यायचा. हे ऐकून रामचरणजी ब्रश खाली ठेवून बसले.

"चालीस साल लगाया है बेटा. लगाके पोंछना? ये तो पाप है!"

शेवटी पुसलं त्यांनी. पण तोंड दुसरीकडे करून!

*

आणि रविवार. मी सकाळीच पोहोचले. काकू खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसलेल्या, डेककडे बघत. काका हाताची घडी घालून उभे.

टाइल्सवाला आला, टेप घेऊन. डेकच्या कडेला थांबला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने चपला काढल्या. डेकवर गेला, उकिडवा बसला आणि फळीवरून हळूच तळवा फिरवला.

"काकासाब, तोडना कौनसा है?"

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं.

"किसने बुलाया तुमको? गलत घर आ गए भिया."

त्याने मोबाइल पुढे केला. "पर नंबर तो आपका ही है!"

"नंबर भी गलत है."