बॅटरी माझ्या पर्समध्ये होती

आधीच सांगते, भूत-भानामतीचे किस्से ऐकले की माझं डोकंच फिरतं. माझ्या माहेरी, पिंगळीला, ना देव्हारा होता ना अंगारा. शेजारची मावशी एकदा रडकुंडीला आली, म्हणे आमच्या टीव्हीवर कुणीतरी भानामती केलीय, आपोआप बंद पडतो. मी मागचं झाकण काढलं, सुटलेला सांधा डागला आणि म्हणाले, "घ्या मावशी, उतरवली भानामती!" तर अशी मी. परभणीच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेली, लग्नानंतर सेलूत घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान चालवलेली. त्यामुळे पुढचं वाचून "बाई भोळी दिसते" असं कुणी म्हणू नका... भोळी असते तर बरं झालं असतं, निदान काहीतरी मानून मोकळी झाले असते.

गोष्ट चौऱ्याण्णवच्या जानेवारीतली. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय नुकताच झाला होता आणि गावोगावी गाण्यांचे कार्यक्रम लागले होते. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद दाराला आतून कडी घालून मायला चिकटून बसलो होतो. आता तोच मिलिंद भर दुपारी, स्टेजवर, गिटार घेऊन गाणार होता. कार्यक्रम वालूरला होता. मायनं त्याचा पांढरा सदरा स्वतः इस्त्री केला होता.

मिलिंदकडे एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलेला जुना इफेक्ट पेडल होता. पायाखालचा डबा हो – दाबला की गिटारचा आवाज जाडजूड, खरखरीत होतो. पण मागच्या जयंतीला ऐन गाण्यात त्याची बॅटरी गेली आणि गिटार मुकी झाली.

"अक्का, लोक हसायले गं मला," तो म्हणाला. "कायतरी कर."

मग मी त्यात रिले बसवला. रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. करंट दिला की आतली पत्र्याची पट्टी टक्कन ओढली जाते, करंट गेला की टक्कन मागे येते. मी जोडणी अशी केली, की पट्टी ओढलेली असली तरच गिटार इफेक्टमधून जाईल. बॅटरी मेली की पट्टी मागे, आणि गिटार सरळ ॲम्प्लिफायरला. म्हणजे इफेक्ट गेला तरी आवाज जाणार नाही. टेबलावर शंभरदा टकटक करून बघितलं, कुठे चूक नाही. मिलिंद लय खूश!

वालूरला जीपनं गेलो. प्रवासात कुठल्याही सेटची बॅटरी मी काढून ठेवते – धक्क्यानं बटण दाबलं गेलं तर उतरते. तशी ही पण काढून पर्समध्ये टाकली. आणि पोचल्यावर बायकांनी चहापाण्यात असं काही घेरलं, की परत घालायची राहूनच गेली.

समोर गर्दी मावत नव्हती. मी पुढेच, बायकांच्यात. मिलिंदनं सूर छेडला, गिटार खणखणीत वाजली. मग तो माईककडे वाकला. आमच्याकडचे गायक माईकला ओठ टेकवूनच गातात, तशी सवयच.

टक.

स्पीकरमधून एवढासा आवाज आला आणि गिटार बंद. मिलिंद थबकला, मागे वळला, दोन पावलं मागे आला. टक. गिटार चालू! तो परत माईककडे गेला. ओठ टेकणार, तेवढ्यात – टक. बंद. परत मागे वळला.

"आरं गाणं म्हण की! का नुसता नाचायलास?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. माझ्या जिवाचं पाणी झालं. बनवलं मी होतं ना. आणि मग आठवलं... अगं बया, बॅटरी तर माझ्या पर्समध्ये!

पर्स उघडली. होती. हातात घेतली. आणि तशीच बघत बसले. कारण बॅटरी नसेल तर पट्टी मागेच राहायला पाहिजे, गिटार सरळच वाजायला पाहिजे. पट्टी ओढली जाऊन गिटार त्या बॅटरी नसलेल्या इफेक्टमधून गेली, तरच बंद पडणार. ओढत कोण होतं?

तिकडे मिलिंद चिडून तिसऱ्यांदा माईककडे निघाला होता. मी पदर खोचला आणि स्टेजवर चढले.

"सरक बाजूला. हात लावू नको कशाला."

"अक्का, आता तू नको येऊस मधी, लोक बघायलेत..."

"सरक म्हणते ना!"

टेस्टर काढला. आमच्या गुरुजींची शिकवणच होती, की अनोळखी ठिकाणी आधी टेस्टर, मग हात. डब्याला लावला, काही नाही. गिटारच्या तारांना लावला, काही नाही. माईकला लावला आणि दिवा भक्कन पेटला.

साऊंडवाल्यानं माईकची लाईन दुसऱ्या खांबावरून आकडा टाकून घेतली होती आणि तिची वीज माईकच्या पत्र्यात उतरली होती. तो म्हणतो, "बाई, सकाळपासून इतके जण बोलले की त्याच्यावर!"

"पायात चपला घालून, लाकडावर उभं राहून बोलले, दादा. त्यांच्या हातात गिटारच्या तारा नव्हत्या."

एका हातानं तारा धरायच्या आणि ओठ माईकला लावायचे, म्हणजे सगळी वीज माणसातून, तारांवाटे जमिनीत जाणार. मिलिंद जागेवर गेला असता.

मेन बंद केला. दुसऱ्या खांबावरचा आकडाही काढायला लावला. मी डब्याचं झाकण उघडलं. बॅटरीची क्लिप रिकामी. मेन बंद. आणि पट्टी... ओढलेली होती. बोट लावलं तर रिलेतली तारेची गुंडाळी गरम – कधीपासून करंट चालू असल्यासारखी. मी बघत असतानाच टक झालं आणि पट्टी मागे गेली.

लाईन नीट करून घेतली, मगच कार्यक्रम झाला. मिलिंद असा गायला की म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मी मात्र काहीच ऐकलं नाही.

परतताना जीपमध्ये म्हणाले, "बरं झालं बाबा, गिटार बंद पडली म्हणून वळलास."

तो म्हणाला, "बंद कुठं पडली? मला तर नीट ऐकू यायली होती."

"मग वळत कामून होतास रे?"

"कुणीतरी मागून सदरा ओढायलं होतं, अक्का. मला वाटलं तबलेवाला मस्करी करायलाय. पण तो तर बाजूला बसला होता... मागं नुसतीच भिंत."

मी त्याला पुढे वाकायला लावलं. इस्त्रीचा सदरा, पण मागचा खालचा भाग एका जागी चुरगळलेला. मुठीत घट्ट धरल्यावर चुरगळतो तेवढाच.

तारांमधून वीज पाझरली असेल, असं मला इंजिनिअर लोकांनी सांगून झालंय. मेन बंद असताना कुठली वीज, असं विचारलं की चहा मागवतात. आणि सदऱ्याचं तर मी कुणाला विचारलंच नाही. घरी गेल्यावर मायला दाखवला. तिनं त्या चुण्यांवरून हात फिरवला, मिलिंदला जवळ ओढलं आणि लहान लेकरासारखं घट्ट धरून बसली. मी आजही दर महिन्याला विचार करते, आणि दर महिन्याला हरते. मिलिंद आता आजोबा झालाय.