सुमतीताईंचे वेखंड

सुमतीताई पुस्तक हाती आले की आधी त्याचा वास घेत, मग शीर्षक वाचत. वनस्पतींतील रसायने तपासण्यात नोकरीची सारी वर्षे घालवून त्या सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळात आल्या त्याच दिवशी वाचनालयाच्या कपाटात डोकावून म्हणाल्या, "देसाई, ही पुस्तकं आजारी आहेत."

आजार सचिव देसाईंनीच दिला होता. कसर लागू नये म्हणून त्यांनी रस्त्यावरच्या कडुनिंबाचा ओला पाला कपाटांत कोंबला आणि पावसाळाभर कुलूप लावले. पुस्तकांवर बुरशी चढली.

"मी तर नैसर्गिक उपाय केला होता!"

"बुरशीही नैसर्गिकच असते, देसाई. पाला वाळवून ठेवायचा होता."

यावर कार्यकारिणीने पुस्तके रद्दीत काढण्याचा ठराव केला. सर्वसाधारण सभेच्या संमतीविना मंडळाची मालमत्ता विकणे हा घटनेचा उघड भंग! मी तत्काळ हरकतीचे पत्र धाडले आणि विक्री सभेपर्यंत रोखली.

"भाऊसाहेब, पत्रानं विक्री थांबते, बुरशी नाही," ताई म्हणाल्या. "सभेला महिना आहे ना? बिल्कुल पुरे. चलो, मास्क बांधा."

गच्चीवर सावलीत पुस्तके सुकवून आम्ही बुरशी ब्रशने झटकली. मग ती पेट्यांत भरून, लवंगतेलाचा बोळा वाटीत ठेवून ताईंनी झाकणे लावली. "तेल कागदाला लागलं तर डाग, नुसता वास लागला तर औषध." शेवटी खारी बावलीच्या मसाला बाजारातून आणलेले वेखंड कुटून जुन्या साडीच्या पुरचुंड्या बांधून कपाटांत ठेवल्या. मी घटनेची कलमे सांगत होतो, त्या शिंकत होत्या. "कसरीला हा वास सोसत नाही. तुमच्या पत्रांइतकाच जहाल!"

सभेत देसाई उठले. "सडलेली पुस्तकं सांभाळायची कशाला?"

ताईंनी एक पुस्तक त्यांच्या हाती दिले. त्यांनी वास घेतला, पान उलटले, पुन्हा उलटले आणि सभा विसरून वाचू लागले.

"अच्छा... हे घरी नेऊ का?"

"सही करून न्या."

ठराव बारगळला. माझे लिहून आणलेले भाषण तसेच राहिले, त्याचा राग मला अजून आहे.

गेल्या वर्षी ताई मुलीकडे नागपूरला गेल्या. जाताना कपाटांच्या किल्ल्या मला दिल्या. "वास उतरला की पुरचुंड्या बदला. कुणाच्या मंजुरीची वाट बघू नका."

या हिवाळ्यात वास उतरला. कार्यकारिणीला स्मरणपत्र लिहायला बसलो, 'महोदय' एवढेच लिहिले आणि उठून खलबत्ता काढला. शिंकांनी घर दणाणले.

पत्र संध्याकाळी पूर्ण केले, तो भाग वेगळा.