जयवंताबाईंच्या शब्दावर

वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागच्या चाळीत, जयवंताबाईंबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाई. "त्या बाईच्या घरी जेवाले गेला तं जोडीजोडीनं बसा गा. नाही तं ते पुन्हा मोजते." सांगणारा हसे, ऐकणारा हसे आणि जयवंताबाई समोरून आल्या की दोघेही गप्प होत. शेजारच्या कुसुमताई मात्र तोंडावर बोलत.

"दिवसभर खुनी बायांत राहतेस वं, झोप तरी येते का तुले?"

"मस्त येते. त्यायच्या दाराले कुलूप लावूनच निघते ना मी."

छप्पन साली वडिलांचे बोट धरून धम्मदीक्षेला आलेली ही मुलगी पुढे सातवी पास झाली. नवरा गोदामात हमाल होता. तो वारल्यावर त्या तुरुंगाच्या महिला विभागात रक्षक म्हणून लागल्या आणि खाकी काठाची साडी त्यांनी अशी अंगाला लावून घेतली की जणू त्या तीच नेसून जन्मल्या असाव्यात.

बाहेरच्या माणसाला तुरुंग म्हणजे नुसती भिंत वाटते. आत तो गिनती आणि माफीवर चालतो. सकाळी बराक उघडली की बायका जोडीने उकिडव्या बसत, हात गुडघ्यांवर, नजर समोर, जयवंताबाई मोजत. संध्याकाळी बंदीच्या, म्हणजे बराकीला कुलूप लागण्याच्या, आधी पुन्हा तेच. मधला दिवस शिवणकामाचा, धान्य निवडण्याचा. काम आणि वागणूक चांगली असेल तर शिक्षेतले काही दिवस कमी होत, ती माफी. आणि काही वर्षे नीट काढली की थोडे दिवस घरी जायची रजा मागता येई. पॅरोलला घरातले मरण किंवा आजारपण लागे, या रजेला तसले कारण लागत नसे. पण घरच्या कुणीतरी हमी घ्यावी लागे, पोलिसांचा अहवाल यावा लागे आणि साहेबाचे मन वळावे लागे.

प्रयागबाईच्या बाबतीत तेच अडले होते. कन्हानजवळच्या खेड्यातली ही बाई दिराच्या खुनात जन्मठेप भोगत होती. भाऊ धोंडबा हमीला तयार होता, पण पोलिसांच्या अहवालात धड होकार नव्हता, धड नकार नव्हता. अधीक्षकांनी जयवंताबाईंना बोलावले.

"परत येईल का ही?"

"येईल, साहेब. नाही आली तं माझी नोकरी घ्या."

"तुमची नोकरी घेऊन मी काय करू? बंदीच्या आत आली नाही, तर तिची इतक्या वर्षांची माफी गेली. आणि पुढे तुमच्या बराकीतल्या कुणाचाही अर्ज माझ्यापुढे आणू नका."

"नाही आणत," जयवंताबाई म्हणाल्या. साहेबांनी सही केली.

परतायच्या दिवशी ऊन उतरले, बायका गिनतीला बसल्या आणि एकीच्या शेजारची जागा रिकामी राहिली. जयवंताबाई फाटकावर गेल्या. पहारेकरी लहानू नवा होता, तोंडाचा जरा सैल.

"कोणी नाही आलं, बाई. उडाली तुमची चिमणी."

"बारकं दार उघड," त्या एवढेच म्हणाल्या.

बाहेर कैद्यांना भेटायला, मुलाखतीला आलेल्यांची गर्दी पांगत होती. कुणी भिंतीला टेकले होते, कुणी पाय पसरून बिडी ओढत होते. त्यांत हिरव्या लुगड्यातली एक बाई भिंतीपासून सुटी बसली होती. उकिडवी, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. चेहरा दिसण्याआधीच जयवंताबाईंनी ती बसण्याची ढब ओळखली.

"प्रयाग! इथं काहून बसली वं?"

प्रयागबाई चटकन उठली. "दुपारचीच आली, बाई. धोंडबा सोडून गेला, त्याले गाडी धरायची होती."

"मंग दार काहून नाही वाजवलं?"

प्रयागबाई गोंधळली. "बंद होतं ना. कोणी उघडलंच नाही."

लहानूचा चेहरा पडला. "मले वाटलं मुलाखतवाली आहे. मीच म्हटलं, बाजूले बस."

"अन् ते बसली," जयवंताबाई म्हणाल्या. "आता हो बाजूले."

आत जाताना प्रयागबाई हळूच म्हणाली, "भावाच्या घरीबी असंच झालं, बाई. सकाळी जाग यायची, पण वहिनी कडी काढेपर्यंत मी दारापाशी बसून राहायची. पोरं हसत मले." ती स्वतःही हसली. जयवंताबाई हसल्या नाहीत.

रोज पहाटे जयवंताबाई बराकीचे कुलूप काढत, प्रयागबाई बाहेर येई. संध्याकाळी ती आत जाई, त्या कुलूप लावत. इतक्या वर्षांत तिच्या हाताने एकही कडी सरकली नव्हती, आणि हे जयवंताबाईंच्या ध्यानातही आले नव्हते.

गिनती जुळली. बंदी झाली. अधीक्षक खूश होते, कचेरीत चार माणसांदेखत म्हणाले, "मानलं तुम्हाला, बाई! काय शिस्त लावलीय. फाटकाबाहेरसुद्धा कैदी गिनतीलाच बसते."

बाकीचे हसले. जयवंताबाई टेबलासमोर सरळ उभ्या राहिल्या.

"याले शिस्त नका म्हणू, साहेब. सुटल्यावर हे बाई आपल्याच घराच्या दारासमोर बसून राहील. उद्यापासून शिवणखोलीची कडी तिलेच काढू द्या. मी मागं उभी राहते."